खालच्या ओळीतली आई

मान सरळ ठेवा, मास्तर — हां, अश्शी. आणि राग नका मानू हो. दारातून आत येता येता तुम्ही मला पाहिलंत आणि धडाधड जपानीत सुरू झालात, आणि मी आपली स्पॅनिशमध्ये विचारते, केस कापायचे की दाढीपण — तुमचा चेहरा असा पडला! तुमचा काय दोष? तोंड तुमच्यासारखं, नाव एल्सा तोकाशिकी, दारावर बापाच्या वेळची पाटी, कुणीही फसेल. पण मला नाही येत. चार शब्द येतात, तेही आईबापांच्या ओकिनावा बेटावरचे — जेव, झोप, मेल्या. तुमच्या शाळेत ते शिकवत नसतील. आणि पेरूतल्या या लीमात सासष्ट वर्षं काढली, तरी बाजारात हाक येते ती — ए चिना, टोमॅटो घे! चीन मी नकाशातसुद्धा धड पाहिला नाही. चालायचंच.

काय बघताय? आरशात दिसतंय होय — पडद्यामागचं काळं कपाट. देव नव्हेत ते, आमचे गेलेले. चौकटीत लाल लाकडी पट्ट्या, एकेकीवर एकेक नाव, वरच्या ओळीत पुरुष, खालच्या ओळीत बायका. सकाळी चहा, उदबत्ती, रविवारी डुकराच्या मांसाचा पाव — आईला आवडायचा. पंचवीस वर्षं मीच करते, पण माझं नाही हं ते! थोरल्या मुलाचं असतं, मग त्याच्या थोरल्याचं. मुलीकडे गेलं तर घराचं वाटोळं होतं म्हणतात, आणि बिनलग्नाच्या बाईला चौकटीत जागासुद्धा नाही. म्हणजे राबायचं एल्सानं आणि मालक आमचा आउगुस्तो. तो गेला तुमच्या देशात, मोटारींच्या कारखान्यात. इथं जपानी म्हणून मिरवायचा, तिथं त्याला म्हणाले, हा परदेशी. तिकडंच मेला बिचारा. आता त्याचा मुलगा, मार्कोस — परवा तिकडून फोन. आत्या, माझी खोली एवढीशी, बायकोला वास सोसत नाही, जाळून टाक. जाळून टाक! पालापाचोळाच की नाही तो! आणि मी हो म्हटलं. काय म्हणणार? माझ्यामागे चहा ठेवायला आहे कोण? येत्या रविवारी मागच्या अंगणात...

फक्त एक — कान जरा दुमडते — आई तेवढी काढून ठेवावी म्हणते. तिची पट्टी. नियमात बसत नाही, न बसो, उशाशी ठेवीन. पण खालच्या ओळीत चार पट्ट्या आहेत आणि... तुम्ही काय, जूनमध्ये परत जाणार, तुमच्यापाशी कसलं लपवायचं? मला माझी आई ओळखू येत नाही. पूर्वी यायची, डावीकडची पहिली. एका डिसेंबरात पुसायला घेतली, चौकट हातातून निसटली, पट्ट्या जमिनीवर — अक्षरं मला सगळी सारखीच, मुंग्या चालल्यासारखी — लावल्या अंदाजानं. तेव्हापासून चौघींपुढे चहा ठेवते, चारांत एक तर आई असेल. इथल्या आमच्या ओकिनावावाल्यांच्या संघातल्या म्हाताऱ्यांना विचारायचं? तोंडात शेण घातलं असतं त्यांनी. तोकाशिकीच्या पोरीला आई ओळखता येत नाही!

शेवटच्या दिवशी ती दुपारभर बोलत होती हो. तिच्या भाषेत. स्पॅनिश तिला बाजारापुरतंच. माझा हात धरून, डोळ्यांत बघून काहीतरी सांगत होती, विचारत होती — आणि मी? हो आई, हो आई. कशाला हो म्हटलं, काय माहीत! आउगुस्तो असता तर त्याला कळलं असतं. थोरला ना तो, त्याला सगळं यायचं. तिची पट्टीसुद्धा त्यानंच लिहिली, विमानानं येऊन, चौकट पुढ्यात घेऊन, खोलीचं दार लावून. दोन तास कुणाला आत येऊ दिलं नाही.

कामादो. आईचं नाव कामादो. बघता जरा? उठा, कापड राहू द्या अंगावर, सांडू देत केस. पडदा सारा. खालची ओळ, मोठ्यानं वाचा... हां, ही पणजी. ही नाबे, माझी आजी. ही बाबांची काकू असणार, ऐकलंय नाव. म्हणजे चौथी — ती चौथीच, होय ना?

नाबे कशी? नाबे झाली की. पुन्हा बघा, काजळी धरलीय, बोटानं पुसा... तेच? अगदी तेच? आणि अक्षर वेडंवाकडं, पोरांनी बघून बघून उतरवावं तसं?

दोन तास. दार लावून.

म्हणजे त्यालाही येत नव्हतं. आजीचं नाव होतं समोर, तेच उतरवलं मेल्यानं. आणि मी पंचवीस वर्षं, रोज सकाळी...

नको, राहू द्या तिथंच. काढून ठेवण्यासारखं काही नाही त्यात. या, बसा. डावी बाजू राहिलीय तुमची.