उलटा क

...टेका ना पाठ, घाबरू नका — नाही टेकवत ना? माहितीच होतं मला, सकाळपासून या स्टॉलवर तुम्ही चौथ्या. अक्षराला पाय लागला तर नमस्कार करायचा, हे आपल्याला लहानपणीच शिकवलंय — आणि मी शहाणी, उशीवर एवढा मोठा ज्ञ विणते आणि लोकांना म्हणते, रेला. बारा वर्षं जाहिरात कंपनीत अक्षरंच काढली, नोकरी गेली तेव्हा वाटलं, काय झकास आयडिया आहे यार. आमच्या कांजूरला शेजारच्या भाभींना एक उशी दिली, तर त्यांनी ती शोकेसमध्ये गणपतीशेजारी ठेवली. परवा तिला हारसुद्धा होता.

हो, मीच विणते — कोपरे वाकडे आहेत त्यावरून कळतंच. आधी बाबा विणायचे. तरुणपणी गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवरच होते, संपानंतर वॉचमन — चाळीस वर्षं हाताला सूत नाही, पण घरी छोटा माग आणून दिला तर असे बसले, की चहाला हाक मारली तरी ऐकू जायचं नाही. आधी नुसते पट्टे, चौकोन, त्यात काय डावं-उजवं — मग मी अक्षरं काढून दिली.

तो खालचा अभ्रा कशाला काढलात? तो विकायला नाही हो, चुकलाय — क आहे तो, पोट उजवीकडे गेलंय. आवडला? खरंच? असे सहा होते. दिवाळीत बोरिवलीच्या प्रदर्शनात पिशवी उघडली, तर सहाच्या सहा उलटे. एक बाई हसल्या, आणि मी — सगळ्या गिऱ्हाइकांसमोर — म्हटलं, "बाबा, साधा क पण येत नाही तुम्हाला?" त्यांनी नीट घड्या घालून ठेवल्या. परत मागावर बसले नाहीत. मग मी बसले, आणि तेव्हा कळलं, या मागावर विणणाऱ्यासमोर कापडाची मागची बाजू असते — कागद उलटा करूनच द्यावा लागतो. डिझायनर मी, कागद माझा, चूक माझी. आणि त्यांनी विचारलं होतं, पहिल्याच दिवशी — "कागद उलटो धरूचो काय गो?" मी मोबाइलमध्ये बघत म्हटलं, दिलाय तसा करा.

माफी? मागितली की — म्हणजे सुरमईची मोठी तुकडी त्यांच्या ताटात वाढली, आमच्याकडे अशीच मागतात. त्यांनी खाल्ली, मीठ कमी आहे म्हणाले. तोंडाने नाही मागता आली मला. लाज वाटते. मागावर त्यांच्या जागी बसलं की रडू येतं, पण ते बोलायला जमत नाही.

बाबा? आलेत ना, सामान उचलायला येतातच — ते बघा, दरवाजाजवळ स्टुलावर, पांढरा शर्ट. ताई, एक कराल? तो क घ्याच तुम्ही, आणि आवडला म्हणून त्यांना सांगा. मी सांगितलं तर समजूत काढतेय असं वाटेल. चूक कोणाची होती तेही सांगा — नको, ते राहू दे, ते माझं मी सांगेन. आजच सांगेन. मी पाठवलं म्हणू नका. आणि पिशवीत नका घालू, हातातच धरा, त्यांना लांबून दिसू दे. जा.