नऊ ओळींचा अर्ज

आजच्या समारंभाचे माननीय अध्यक्ष, आजचे प्रमुख पाहुणे आणि आपले माजी प्राचार्य आमचे सर, विद्यमान प्राचार्यबाई, नियामक मंडळाचे सन्माननीय सदस्य, माझ्याबरोबर खडू झिजवलेले सहकारी, कार्यालयातली मंडळी, आजी-माजी विद्यार्थी, आणि पहिल्या रांगेत बसून ‘लवकर आटपा’ असं डोळ्यांनी बजावणाऱ्या आमच्या सौभाग्यवती,

आत्ताच माझं मानपत्र वाचून झालं. माझ्या विभागातल्या तरुण सहकाऱ्याने ते लिहिलंय, आणि त्यात ‘ज्ञानयज्ञ’ हा शब्द फक्त दोनदा आला याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी विद्यार्थ्यांच्या हाकेला सदैव धावून जाणारा आहे, ही बातमी आमच्या घरातही आजच पोचली असणार. सौभाग्यवतींचा चेहरा मी इथून पाहत होतो. त्यांनी हसू फार प्रयत्नाने आवरलं.

भाषेचा मास्तर म्हणून हे मानपत्रांचं काम गेली तीसेक वर्षं माझ्याकडे होतं. या संस्थेतून जो जो बाहेर पडला, त्याचं मानपत्र माझ्या हातचं. ग्रंथपालांचं मी लिहिलं, तीन प्राचार्यांची मी लिहिली. सर, तुमचंही मीच लिहिलं होतं. त्यात ‘शिस्तीचे भोक्ते’ असं होतं, ते तुम्ही माझ्याकडून ‘शिस्तप्रिय’ करून घेतलंत, आठवतं? या कामाची एक रीत असते. माणूस तिरसट असला की तो ‘स्पष्टवक्ता’. कुणाशीच पटत नसेल तर ‘स्वतंत्र बाण्याचा’. वर्गावर उशिरा जाणारा असेल तर ‘वेळेच्या चौकटीत न मावणारा’. हसा, हसा. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या भिंतीवर हीच मानपत्रं टांगलेली आहेत.

सूत्रसंचालकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. त्यातली तीन मी थट्टेत घालवली, कारण खरं सांगायचं तर पुढचं बोलायला धीर होत नव्हता. आता बोलतो. एका मानपत्राबद्दल बोलायचं आहे.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या मागच्या आवारातला पोहण्याचा तलाव तेव्हा नवा होता. सुट्टीत तिथे शाळकरी मुलांचेही वर्ग चालत. आपल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना प्रवेश सहज मिळायचा, त्यामुळे आपल्यापैकी अनेकांची मुलं तिथेच पोहायला शिकली. प्रशिक्षक नावाजलेला होता. त्याच्यामुळे आंतरमहाविद्यालयीन चषक दोनदा आपल्याकडे आला. त्याच्याबद्दल आदराने बोलायची माझी जुनी सवय आहे, ती आज मोडतोय, समजून घ्या.

आपल्या रसायनशाळेत एक ताई कामाला होत्या. परीक्षानळ्या धुणं, बाटल्यांना चिठ्ठ्या लावणं, गॅसच्या नळ्या तपासणं हे त्यांचं काम. त्यांची मुलगी अकरा वर्षांची, त्याच वर्गात पोहायला जायची आणि तिच्या वयाच्या मुलींमध्ये सगळ्यांत वेगात पोहायची. एके दिवशी मधल्या सुट्टीत ताई माझ्या खोलीत आल्या. म्हणाल्या, “सर, मला एक अर्ज लिहून द्या. माझी भाषा साधी, वरचे लोक वाचणार नाहीत. तुम्ही लिहिलंत तर वाचतील.”

मी म्हटलं, बसा, सांगा. त्या बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. मुलगी घरूनच फ्रॉकच्या आत पोहण्याचे कपडे घालून जाऊ लागली होती. तिथे कपडे बदलायला नकोत म्हणून. आणि पोहून झाल्यावर तशीच, ओल्या कपड्यांवर फ्रॉक चढवून, बसमधून घरी यायची. दोनदा ताप भरला. आई आधी रागावली, मग एक फटकाही दिला, आणि तेव्हा मुलीने सांगितलं की तो खोलीत येतो, दार लावतो. पुढे ताईंनी मला जे सांगितलं ते साध्या शब्दांत सांगितलं. घरात दोन बायका आपसात बोलतील, त्या शब्दांत.

आणि मग मी अर्ज लिहिला.

मंडळी, चांगला अर्ज कसा असावा हे मी या इमारतीत हजारो मुलांना शिकवलंय. सुटसुटीत असावा, पाल्हाळ नसावं, भाषा सभ्य असावी. ताईंनी जे दार लावणं म्हटलं होतं आणि त्यापुढचं जे म्हटलं होतं, त्याचं मी ‘अनुचित वर्तन’ केलं. मुलगी घाबरून रडते, याचं ‘पाल्य अस्वस्थ असते’ केलं. बसचा प्रवास, ओले कपडे, ताप हे सगळं पाल्हाळ म्हणून काढून टाकलं. नऊ ओळींत अर्ज बसवला. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. ताईंनी तो माझ्यासमोर वाचला, पुन्हा वाचला, आणि ‘बरं’ म्हणून सही केली. मला वाटलं, बाईंना आवडला.

अर्ज नियामक मंडळाच्या बैठकीत आला. शिक्षकांचा प्रतिनिधी म्हणून मी तिथे होतो. सर, तुम्ही प्राचार्य होतात. अध्यक्षसाहेब, आपण तेव्हा सचिव होतात, अर्ज आपणच वाचलात. एक सदस्य म्हणाले, अनुचित म्हणजे नक्की काय? ओरडला असेल, फार तर कान धरला असेल. मला सगळं ठाऊक होतं. मी समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत बसलो. तेव्हा साहेब, आपण म्हणालात, “काय ते सगळ्यांना कळतंय. उगाच खोलात शिरू नका. स्पर्धा तीन आठवड्यांवर आहे.”

सगळ्यांना कळत होतं, हे आपलं वाक्य अगदी खरं होतं. म्हणून तर त्याच दिवशी ठरलं, की स्पर्धा होऊ द्यायची आणि मग त्याने वैयक्तिक कारणासाठी राजीनामा द्यायचा. म्हणजे आणखी तीन आठवडे तोच माणूस, तोच तलाव आणि तीच मुलं. सर, त्या तीन आठवड्यांत आपल्यापैकी एकजण तरी त्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला का? मी नाही राहिलो. माझा दोन वाजताचा तास असायचा, असं मी स्वतःला सांगत होतो.

स्पर्धा झाली. चषक आला. ताईंची रसायनशाळेतून मागच्या इमारतीत, मोडक्या बाकांच्या गोदामावर बदली झाली. मुलगी पाण्यात परत उतरली नाही. आणि गुपचूप गेला तर लोक नसत्या शंका घेतील म्हणून त्याला याच सभागृहात, याच व्यासपीठावर, थाटामाटात निरोप द्यायचं ठरलं. मानपत्र कोण लिहिणार? अर्थात मी.

तासाभरात लिहिलं. त्यातलं एक वाक्य मला अजून तोंडपाठ आहे, कारण ते मला तेव्हा फार आवडलं होतं. ‘लहानांमध्ये लहान होऊन रमणारा हा गुरू आम्हांस पारखा होत आहे.’ या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या. घरी जाऊन मी ते सौभाग्यवतींना वाचून दाखवलं. त्या पोळपाट धूत होत्या. त्यांनी विचारलं, “आणि त्या बाईंच्या मुलीचं काय झालं हो?” मी म्हटलं, लागलं मार्गी. त्यांनी नळ बंद केला आणि माझ्याकडे बघितलं, पण पुढे काही विचारलं नाही. त्यांनी विचारायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. सांगायचं काम माझं होतं.

ताई वर्षभरात नोकरी सोडून गेल्या. ते वर्षभर मी मागच्या जिन्याने जाणं टाळलं. वळसा पडायचा, पण मी पुढच्या जिन्याने जायचो.

सूत्रसंचालक, चिठ्ठी मिळाली. वेळ संपत आलाय हे मला कळतंय. साहेब, आपण बसा, मी कुणाचा अपमान करायला उभा नाही. माझाच जो काही व्हायचा तो होतोय.

तर गेल्या महिन्यात मला चौकशी अधिकारीबाईंनी बोलावलं. दुसऱ्या एका गावी, दुसऱ्या एका संस्थेत, तीन मुलींनी त्याच माणसाविरुद्ध तक्रार केली आहे. सगळ्यांत धाकटी नऊ वर्षांची. तुम्ही हा माणूस ठेवलाच कसा, असं त्या संस्थेला विचारलं, तेव्हा त्यांनी एक चौकट पुढे केली. माझं मानपत्र. त्याच्या खोलीत ते भिंतीवर होतं. आईवडील मुलांना पहिल्या दिवशी घेऊन यायचे, तेव्हा त्यांना ते समोरच दिसायचं. अधिकारीबाईंनी ते माझ्यापुढे ठेवलं. म्हणाल्या, “तुम्ही लिहिलंय? भाषा छान आहे.”

मी तिथे बसून रडलो. हे सांगायला मला आज लाज वाटत नाही, तेव्हाही वाटली नाही. इतकी वर्षं वाटायला हवी होती, ती वाटली नव्हती.

ही बातमी वाचून ताईंची मुलगी, आता पंचवीस वर्षांची, आपणहून त्या कार्यालयात गेली. सांगितलं, या तिघींच्या आधी मी होते. तर त्याच्या वकिलाने काय विचारलं असेल? खरं असतं तर चौदा वर्षं गप्प का बसलीस?

ती गप्प बसली नव्हती, मंडळी. अकराव्या वर्षी तिने आईला सांगितलं, आईने मला सांगितलं, मी कागदावर उतरवलं, आणि तो कागद या व्यासपीठावरच्या तिघांच्या हातांतून गेला. गप्प आपण बसलो. पण तो अर्ज आता दप्तरात नाही. त्या वर्षीच्या सगळ्या फायली आहेत, ती तेवढी नाही. त्यामुळे आज ती पोर एकटी सांगतेय आणि सगळे तिला खोटं पाडायला टपलेत.

संस्थेला लेखी विचारणा झाली आहे, की अशी तक्रार तुमच्याकडे आली होती का? उत्तराची मुदत सोमवारी संपते. अध्यक्षसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, “शेवटचं एक काम करा. असा अर्ज दप्तरात आढळत नाही, एवढंच लिहायचंय. तुमच्या भाषेत लिहा, म्हणजे खोटंही होणार नाही.”

साहेब, आपण माझी पारख अचूक केलीत. असं उत्तर मी पाच मिनिटांत लिहिलं असतं. पण त्याआधी मी ताईंच्या घरी गेलो. दार त्यांनीच उघडलं. मला आत घेतलं, खुर्ची दिली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, “सर, तुम्ही लिहिलेला अर्ज मी तेव्हा दोनदा वाचला. त्यात माझी मुलगी मला कुठे सापडेना. पण तुम्ही शिकलेले, तुम्हाला जास्त कळतं म्हणून सही केली.” मग म्हणाल्या, “आता लिहाल तर मी बोलते तसं लिहा.”

त्यांनी सांगितलेलं मी शब्दाला शब्द लिहून घेतलंय. ते इथे वाचणार नाही. ते अधिकारीबाईंसाठी आहे, सभागृहासाठी नाही. पण संस्थेचं उत्तरही मी लिहिलंय. सांगितलेलं काम मी आजवर टाळलेलं नाही. ध्वनिक्षेपक बंद केलात वाटतं. असू द्या. मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवणं हाच तर आमचा धंदा. तर ऐका.

‘चौदा वर्षांपूर्वी एका आईने आमच्याकडे तक्रार केली, की जलतरण प्रशिक्षक तिच्या अकरा वर्षांच्या मुलीला खोलीत कोंडून तिच्या अंगाला हात लावतो. ती तक्रार आम्हाला मिळाली. तिचा अर्थ आम्हाला कळला होता. आम्ही पोलिसांना सांगितलं नाही, मुलीला भेटलो नाही, आणखी तीन आठवडे त्याला मुलांमध्ये ठेवलं, आईची गोदामावर बदली केली आणि त्याला मानपत्र देऊन निरोप दिला. ती मुलगी खरं बोलते आहे. आमचं ते मानपत्र आम्ही मागे घेत आहोत.’

खाली माझी सही आहे. तिच्या खाली दोन सह्यांची जागा सोडली आहे, कारण त्या मानपत्रावर आम्हा तिघांच्या सह्या होत्या. माझ्या एकट्याच्या सहीने हे एका म्हाताऱ्या मास्तराचं म्हणणं ठरेल. तिघांच्या सह्यांनी ते संस्थेचं उत्तर होईल. त्या मुलीला संस्थेचं उत्तर हवंय.

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने मला बोलावलंत, माझं कौतुक केलंत, इतका वेळ बसलात, याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, कुणाचं नाव सुटलं असेल, तर तेवढं पोटात घाला. बाकीच्या गोष्टीसाठी मी तुमच्याकडे क्षमा मागत नाही. ती ज्यांची आहे त्यांनी अजून दिलेली नाही, आणि द्यावीच असं मी म्हणू शकत नाही.

कागद मेजावर ठेवतोय. साहेब, आपण सोमवारपर्यंत...

सर? उठताय? सावकाश. कुणीतरी त्यांची खुर्ची मागे घ्या, आणि हात द्या, ती पायरी उंच आहे. इथे, सर, माझ्या नावाखाली. नाही, आधी वाचा. पूर्ण वाचा, मग सही. चष्मा घरी राहिला? माझा घ्या.