‘वाचले’ असं लिहून खाली सही

"हॅलो?... कोण?... अगं स्वेस्वे, तू होय. थांब, थांब जरा, हात ओले आहेत."

आता मो चांगगेनचे हात कोरडे कधी असतात म्हणा. टोफूचा धंदा करणाऱ्याचा अर्धा जन्म पाण्यातच जातो. त्याने फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबला, समोर टोफू घ्यायला उभ्या असलेल्या शेजारच्या लान काकूंना डोळ्यांनीच ‘जरा थांबा’ म्हणून सांगितलं आणि हात पुसायला फडकं शोधू लागला. शाळेत पोरांना स्वतःचा फोन ठेवू देत नाहीत. रविवारी दुपारी दोन तास मोकळे मिळतात, तेवढ्यात जिन्याखालच्या कार्डाच्या फोनपुढे ही लांब रांग लागते. गेले तीन रविवार पोरीचा फोन आला नव्हता आणि तिन्ही रविवार चांगगेन दुकानात कुणाशी धड बोलला नव्हता.

"हां, बोल... जेवलीस का?... काय जेवलीस?... नुसतं हो नको, काय जेवलीस ते सांग... शेवया?... बरं... हो, इकडे सगळं ठीक. आजी तर ठणठणीत. सकाळीच शेजारणीशी कोंबडीवरून भांडून आली... का गं?... नाही, आजारी कशाला पडेल ती?"

फडकं सापडलं, पण त्याने हात पुसले नाहीत.

"कोणाला सांगायचं?... वेई बाईंना?... आजी आजारी आहे म्हणून?... बरी असताना?... अगं, पण का?... हळू बोल, मला कळत नाही. रडू नको. रडलीस तर मला काहीच कळत नाही."

वेई बाई म्हणजे स्वेस्वेच्या वर्गशिक्षिका, इंग्रजीही त्याच शिकवायच्या. घरच्या माणसाने वर्गशिक्षिकेला सांगितल्याशिवाय त्या शाळेच्या फाटकातून पोर बाहेर पडत नाही. रजेची चिठ्ठी बाई लिहितात, ती फाटकावरच्या म्हाताऱ्याला दाखवायची, मग तो कडी काढतो. कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला सत्तावन्न दिवस उरले होते. वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात तो आकडा रोज एकाने कमी होतो, हे चांगगेनला ठाऊक होतं, कारण त्याच्या दुकानातल्या कॅलेंडरावर तोही तेच करत होता. अशा दिवसांत पोर घरी यायचं म्हणते म्हणजे काहीतरी मोठंच झालं असणार, एवढं कळायला फार शिकावं लागत नाही.

"हां... सराव परीक्षा. हो... इंग्रजीचा पेपर, हां... वाचनाचे उतारे बरे गेले... मग?... पत्र? पीटरला पत्र?... मग काय झालं?... खाली सही केलीस. बरं, मग?... कुणाचं नाव?... तुझं स्वतःचं?"

त्या पत्राचं असं असतं. इंग्रजीच्या पेपरात शेवटी एका परदेशी मित्राला पत्र लिहायचं, आणि खाली सही करायची ती ली ह्वा या नावाने. पोरगा असो, पोरगी असो, कुठल्या का गावची असो, त्या दिवशी सगळेच ली ह्वा. स्वतःचं नाव आलं की तपासणाऱ्याला खूण केली असा अर्थ घेतात आणि पेपर बाद. पहिल्या वर्षापासून हे पोरांच्या डोक्यात घालतात. झोपेतून उठवून विचारलं तरी पोर सांगेल, माझं नाव ली ह्वा. आणि या पोरीने शहाण्यासारखं व्यवस्थित अक्षर काढून लिहिलं होतं, मो स्वे, म्हणजे आपलं खरं नाव.

"शून्य?... सगळ्या पेपरला?... म्हणजे व्याकरण, वाचन, शब्दांचे प्रश्न, सगळं धरून?... धडा शिकवायला... हां, खऱ्या परीक्षेत असंच होणार म्हणून... कितवी आलीस?... एकसष्टावी. एकसष्टात एकसष्टावी... आणि निकाल वर्गात वाचून दाखवला?... सगळे हसले... हं."

लान काकूंनी तेवढ्यात टोफूच्या दोन लाद्या स्वतःच पिशवीत घातल्या, पैसे डब्यात टाकले आणि तिथेच उभ्या राहिल्या. फुकटचं ऐकायला मिळत असताना घरी कोण जातं? चांगगेन त्यांच्याकडे पाठ करून मागच्या दारापाशी गेला, जिथे भिजवलेल्या सोयाबीनच्या बादल्या असतात.

"बरं, ऐक. एका सराव परीक्षेत... नाही, ऐक ना... अगं, सराव परीक्षाच ना ती?... परत नाही जायचं? कुठे परत नाही जायचं?... म्हणजे आज घरी यायचं आणि मग शाळेत परत जायचंच नाही... परीक्षेलाही नाही... मग करणार काय?... कपड्यांच्या कारखान्यात. चुलत बहिणीकडे... तिच्याशी बोलणंही झालं? कधी?... बरं. सगळं ठरवलंस, आणि बापाने फक्त आजीला आजारी पाडायचं."

त्याने हे हसत म्हणायचा प्रयत्न केला. आवाज हसरा निघाला नाही. या पोरीच्या इंग्रजीसाठी त्याने काय नाही केलं? ती बारा वर्षांची होती तेव्हापासून टोफू दाबायच्या लाकडी पेटीवर बसून तो तिचे शब्द घ्यायचा. पुस्तकाची इंग्रजी बाजू तिच्याकडे, चिनी बाजू आपल्या तळव्याखाली झाकलेली, आणि तोंडाने ‘पुढचा’. त्याला स्वतःला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण पोर अडखळली की तिच्या भुवईवरून कळायचं. वरच्या शाळेत गेल्यापासून ती महिन्यातून एकदाच घरी येते. शेवटच्या वर्षात दर आठवड्याला सरावाचं एक पत्र लिहायचं, बाई ते तपासतात, मग पालकांनी खाली ‘वाचले’ असं लिहून सही करायची, बाईंनी ती बघून कागद परत द्यायचा, हा तिथला नियम. दर महिन्याला चार-पाच कागद येत आणि चांगगेन ओळीने सह्या ठोकत जाई. सही तेवढी त्याची सुंदर.

"स्वेस्वे... स्वेस्वे, ऐक. मी तुला काही बोलत नाही. रागावलो नाही... नाही, खरंच नाही... तू ढ नाहीस. कोण म्हणतं?... तू म्हणतेस. हो, ते माहीत आहे मला... मला माहीत आहे म्हणतोय ना... अगं, तुझ्या डोक्याला भोक आहे, रात्री पाठ केलेले शब्द सकाळी त्यातून गळून जातात, असं तुला वाटतं. माहीत आहे मला."

तिकडून रांगेतल्या पोरींची कुजबुज तेवढी ऐकू येत होती.

"हॅलो?... आहेस ना?... हो, तेच. पीटरला लिहिलं होतंस. दिवे लावायच्या सणाचं सांगायचं पत्र होतं. तीन ओळी दिव्यांच्या, आणि मग हे... मी वाचलं... मीच. कोण वाचून दाखवणार मला? लान काकू?"

लान काकूंनी आपलं नाव ऐकून मान वर केली.

"नववर्षापासून. तुझं शाळेतलं जुनं शब्दांचं पुस्तक माळ्यावर होतं ना, ते काढलं. रोज सात शब्द. त्यातले चार दुसऱ्या दिवशी जातात, तेव्हा भोक कुणाकडून आलं ते बघ... का म्हणजे? एक शब्द मला येत होता म्हणून. फादर. तो मला तूच शिकवला होतास, आठवतं? आणि तो शब्द तुझ्या एकेका कागदावर चार-चार वेळा दिसायला लागला. दिव्यांच्या सणात माझं काय काम? म्हटलं, पोरगी त्या पीटरला माझ्याबद्दल काय सांगते ते बघावं तरी. मला वाटलं, कौतुक असेल."

तो बादलीवर बसला. वरचं झाकण डुगडुगलं, पण त्याच्या लक्षात आलं नाही.

"एका कागदाला चार दिवस लागतात मला. हळूहळू वाचतो मी... दुपारचं जेवण टाकतेस. रांगेत वेळ जातो म्हणून. तेवढ्यात तीस शब्द होतात. मघाशी मला शेवया सांगितल्यास ना?... हं... आणि बाप पहाटे उठून जातं ओढतो, आणि आपण नापास झालो तर त्याच्या तोंडाकडे बघायचं कसं, हेही वाचलं. तो शब्द पुस्तकात नव्हता, ‘जातं’, शेजारच्या दुकानातल्या पोराच्या फोनवर शोधावा लागला... अगं, नको रडू... आणि मग लिहिलंस की पीटर, माझ्या बाबांना सांगू नकोस."

तिकडून ती काहीतरी म्हणाली, बराच वेळ म्हणत राहिली. चांगगेन मान हलवत राहिला, जणू ती समोरच आहे. मग त्याने तिला सांगितलं की चूक तिची नाही, त्याची आहे. त्याला महिनाभर आधी कळलं होतं. तो वाट बघत राहिला की ती आपण होऊन सांगेल, आणि स्वतः विचारायची त्याची छाती झाली नाही. एवढा टोफू विकतो, भाव करणाऱ्याला उभा करत नाही, पण पोटच्या पोरीला ‘काय होतंय तुला’ हे विचारायला त्याला शब्द सापडले नाहीत, ना इंग्रजीत, ना आपल्या भाषेत.

"म्हणून त्या दिवशी तुझं नाव पडलं असेल खाली... काय लिहिलं होतंस पेपरात?... हं... हं, तेच सगळं... मग झालं तर. जे लिहिलं ते तुझं होतं. ली ह्वाचं नव्हतंच. हाताने तुझंच नाव लिहिलं, त्यात काय नवल?... किती वेळ उरला कार्डावर?... आठ मिनिटं. ऐक आता. आजी आजारी आहे असं मी सांगणार नाही... नाही. ऐक ना, स्वेस्वे, ऐकून घे. घरी आणणार आहे तुला. खोटं सांगून नाही आणणार, एवढंच. वेई बाई कुठे आहेत?... रांगेपाशीच? मग दे त्यांना फोन... दे म्हणतो ना... काही बोलत नाहीत त्या. दे."

तो उठून उभा राहिला. शिक्षकांशी बसून बोलणं त्याच्या अंगवळणी नव्हतं. शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावली.

"बाई, नमस्कार. मी मो चांगगेन, स्वेस्वेचा बाप... हो, आत्ताच सांगितलं तिने... हो बाई... बरोबर आहे, खऱ्या परीक्षेत कुणी दया करणार नाही... हो, नियम तो नियम... एकसष्ट पोरं सांभाळायची म्हणजे काय असतं, मला कळतं ना. तुमच्याकडे बोट दाखवत नाही मी. तुम्ही रात्रंदिवस... हो, हो... पण बाई, एक बोलू का?"

लान काकू आता उघड उघड आत डोकावत होत्या आणि त्याला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

"माझ्याकडे तिचे सदतीस कागद आहेत. सगळे तुम्ही तपासलेले. काळ चुकला तिथे तुमची लाल रेघ आहे, शब्द चुकला तिथे गोल आहे. तुमचं काम तुम्ही चोख केलंत. खाली माझ्या हाताने लिहिलंय, ‘वाचले’, आणि सही. त्यातले एकतीस मी न वाचता सही केलेत. मला इंग्रजी वाचताच येत नव्हतं. एकतीस वेळा खोटं लिहून दिलं शाळेला, आणि कुणी मला काही बोललं नाही. तिने एकदा खरं नाव लिहिलं तर तिला शून्य. मग मला काय द्याल?... नाही बाई, भांडत नाही. आवाज असाच आहे माझा... नाही, तुम्ही वाचा एकदा ते कागद. रेघा न मारता वाचा, एवढंच म्हणतो... मी घेऊन येतो सगळे."

मग बाई बोलल्या, आणि चांगगेनच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला. स्वेस्वे जेवण टाकते हे कागद तपासूनही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, असं काहीसं त्या म्हणाल्या असाव्यात, कारण तो म्हणाला की आम्हा घरच्यांच्याही नाही आलं.

"आज नेतो तिला. उद्या संध्याकाळच्या अभ्यासाला आणून सोडतो... परीक्षेला बसेल की नाही?... ते तिला विचारायचंय मला. ती हो म्हणाली तर बसेल. नाही म्हणाली तर मी पुन्हा विचारीन, पण तोंडात कोंबणार नाही... सत्तावन्न दिवसच उरलेत, माहीत आहे बाई, माझ्या भिंतीवरही लिहिलंय... चारची बस पकडतो, साडेपाचला फाटकावर... दुकान? दुकान लान काकू बघतील."

लान काकूंनी पिशवी खाली ठेवली. कुणी विचारलं नव्हतं त्यांना, पण त्या नाही म्हणाल्या नाहीत.

"हो, चिठ्ठी लागेल ना... कारण?... आजारपण नको. घरात कुणी आजारी नाही... लग्नही नाही... रकाना आहे तर भरा की. लिहा, वडिलांना तिच्याशी बोलायचं आहे... हो, एवढंच... असं कारण चालत नाही?... आजवर कुणी दिलं नसेल बाई. तुम्ही लिहा. आणि वडिलांची सही लागते ना तिथे, ती मी येऊन करतो... हो, फाटकावरच. आधी वाचतो, मग सही करतो... बरं, ठेवतो."