कन्व्हर्टची नोड

भाजी विकून घरी निघालेल्या चांगुणाबाई सातपूरच्या थांब्यावर उभ्या होत्या. मागे एका सॉफ्टवेअर कंपनीतली दोघं बोलत होती.

"जीवन, तुझ्या एक्स्प्रेशन ट्रीत एका बाजूला साधा इंट, म्हणजे आकडा आहे, दुसऱ्या बाजूला नलेबल, म्हणजे रिकामाही राहू शकणारा. टाइप जुळत नाहीत. म्हणून सर्च बंद पडतो."

"तीच अट थेट कोडमध्ये हाताने लिहिली तर चालते की, चैताली!"

"तेव्हा कंपायलर स्वतःच टाइप बदलून घेतो. ट्री आपण बांधला की टाइप बदलणारी कन्व्हर्टची नोड आपणच घालायची."

"बरं, उद्या घालतो."

"आणि सरांना?"

"त्यांना काय?"

"ही चूक चैतालीची आहे असं सांगितलंस त्यांना काल. त्यामुळे माझं नोकरीतलं कन्फर्मेशन अडकलंय."

"कळेल त्यांना हळूहळू."

"तू सांगितल्याशिवाय नाही कळणार. लाव फोन."

"इथं?"

"इथंच."

बस आली. पुढचं ऐकायचं म्हणून चांगुणाबाई चढल्या नाहीत.

"हॅलो... सर, जीवन बोलतोय."