तिसरी लाथ

—नाही, नाही, बोलायचं नाही, तेवढं एक पाळ. उंबरठा ओलांडलास की परत जाईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, नाहीतर पायाचा गुण जातो, असं आमची आजी म्हणायची. मान हलव, हात हलव, ते चालतं. चपला राहू देत तिथेच दाराशी. आणि अशी अंग चोरून काय उभी राहतेस, बस की. देवयानी ना तू? त्या बँकेतल्या कौस्तुभची बायको. तुम्ही बदलीवाले तीन वर्षं राहता, जाताना इथल्या मराठी मंडळाला एक पंखा नाहीतर घड्याळ देता आणि निघून जाता — आम्ही इथलेच, माझा जन्म याच भवानीपुरातला. तर सांगत काय होतो, हळदीकुंकवाला नलिनीबाईंच्या पाठीत उसण भरली, तू नुसता पाय लावलास आणि बाई ताठ उठून तिळगूळ वाटायला लागल्या, हे मंडळभर झालंय. मग मी निरोप धाडला. त्यात लाजायचं काय गं? पायाळू तर पायाळू. डोक्याऐवजी पायांनी आलीस जगात, तुझ्या आईचे हाल झाले असतील, पण आम्हा पाठवाल्यांचं भलं झालं. पायाळूला विजेचं भय असतं म्हणतात, खरं ना? आमच्याकडे तर जरा कडाडलं की पोर थेट माझ्या पांघरुणात — म्हणजे, असं ऐकलंय आपलं मी. असतं तसं.

तुला वाटत असेल, हा दिगंबरकाका बी.एस्सी. झालेला माणूस, एकतीस वर्षं बजबजच्या ज्यूट मिलमध्ये मागांवर देखरेख केलेला, आणि रविवारी सकाळी दुसऱ्याच्या सुनेकडून लाथा खायला बसलाय. बसलोय. काय करू? सहा वर्षं झाली. डॉक्टर झाले, पट्टा झाला, वजनं लावून पाय ताणून झाले, बाबूघाटावरच्या मालीशवाल्याने मोहरीच्या तेलात अंघोळ घालून झाली. शेजारचे बंगाली बाबू रोज जिन्यात विचारतात, दादा, कोमोर कैसा है — वाटतं, याची मान धरावी आणि भिंतीवर आपटावी. खोटं नाही सांगत. दुखणं असं आतून डाचत राहिलं की माणसाला कुणाचं तरी डोकं फोडावंसं वाटतं. आता शेवटचा डॉक्टर म्हणतो, मणक्याचं ऑपरेशन करा, पाय राहतील की जातील सांगता येत नाही. म्हटलं, त्यापेक्षा लाथ बरी. लाथेने गेलेली गोष्ट लाथेने — असू दे.

कालिंदी, दूध ठेव तापत, पोरीला कॉफी दे जाताना. ऐकलंस का? जोडवी ऐकलीस तिची? टक टक, टक टक. फरशीवर छान वाजतात. मीच जड करून घेतली लग्नानंतर. मान वळवायला नको, हाक मारायला नको, बाई ओट्याशी आहे की गॅलरीत की दाराआड कान लावून उभी आहे, सगळं बसल्या जागी कळतं. आता बघ, दाराआडच आहे. जा गं, दूध बघ. हं. गेली.

तर नेम असा. लाथा तीन. डाव्या पायाच्या. मी या चटईवर पालथा झोपणार, आणि प्रत्येक लाथेच्या आधी ज्याची पाठ त्याने सांगायचं, पाठ कशी गेली ते. खरं सांगितलं तर लाथ लागते, नाहीतर वाया. हात धर जरा. हळू. मेलो — हं. झालं. आता मी एकदा पालथा झालो की कालिंदीने हात दिल्याशिवाय उठत नाही, तेव्हा तू आपली निवांत मार. तर ऐक. हावड्याच्या घाटावर लाँचमधून उतरत होतो, जेट्टीवर शेवाळ, पाय सरकला आणि पाठीवर पडलो. एवढंच. मार.

ही लाथ? अगं, मांजर अंगावरून गेलं तरी याहून जास्त कळतं. आणि हे काय, हे काय केलंस? वाकून हात लावलास पाठीला? नमस्कार केलास. झालं, गेलं सगळं पाण्यात. अगं, मोठ्या माणसाला पाय लागला की नमस्कार, हे बरोबर, तुझ्या आईने चांगलं वळण लावलंय, पण इथे नाही करायचा. लाथेचा गुण असा हाताने पुसून काढतात का? हीच चूक. सगळ्या मराठी पोरींची हीच चूक, पाय लागला की आधी हात कपाळाला. तिनेही हेच — बरं जाऊ दे. शिवाय माझंही चुकलं. लाँच काही खरी नव्हती. मंडळात सांगायला बरी पडते. आता दुसरी.

पडलो तो इथेच, आपल्या जिन्यावरून. चढून आलीस ना आत्ता, किती उभा आहे बघितलास. कालिंदीने पुसून ओला ठेवला होता, मी वरून निघालो आणि खालच्या नळापर्यंत गडगडत गेलो. डॉक्टरलाही हेच सांगितलं. मी नाही, हिनेच सांगितलं, मी पुसला होता हो जिना, माझं चुकलं. सहा वर्षं येईल-जाईल त्याला हेच सांगते, माझं चुकलं. डोळ्यांत पाणी आणून सांगते. मी म्हणतो, असू दे. मार आता. नमस्कार नको.

हं. ही जरा बरी होती. तरी नाही गं. तिथेच आहे, माकडहाडाच्या वर, खिळा ठोकल्यासारखं. म्हणजे अजून खरं नाही लागलं त्याला. हट्टी आहे पाठ. माझीच ना.

तू काही मंडळात जाऊन सांगणार नाहीस. सांगणार नाहीस ना? मान हलव — मला दिसत नाहीये तुझी मान, पण हलव. आम्हाला मुलगी आहे, ऋता. तीसची झाली असेल. पायाळू. हो, आमच्याच घरात होती. नलिनीबाईंची पाठ तू आत्ता बरी केलीस, माझी ऋता सहा वर्षांची असल्यापासून मंडळातल्या बायका तिच्या पाया पडायच्या, लाथ मार गं बाळा म्हणून. मिलमधून आलो की मी पण असाच पालथा पडायचो आणि ती पाठीवर नाचायची. त्या पोरीला बराकपूरच्या शाळेत नोकरी लागली. मी नको म्हटलं होतं. रोज तासभर लोकलने एकटी जाणार, एकटी येणार, आणि मग एक दिवस येणार नाही. मी ओळखतो माणसं. तर शाळेचं पत्र आलं आणि हिने ते तांदळाच्या डब्यात लपवलं. माझ्यापासून. माझ्या घरात, मी आणलेल्या तांदळात. सापडलं मला. तर मी हिला विचारलं.

विचारलं म्हणजे — तो शोकेसमध्ये आहे ना, काचेमागे, लाकडाचा लांबुळका, दोन्ही टोकांना लोखंड? तो मागावरचा धोटा. निवृत्त झालो तेव्हा मिलमधल्या पोरांनी दिला, वर पितळी पट्टीवर नाव घालून. एकतीस वर्षं हातात होता, आजही काय बसतो हातात. मिलमध्ये एखादा कामात ढिला पडला की बोलत नव्हतो मी, धोटा खांद्यावर टेकवायचो. तेवढंच. माणसं त्याने सरळ राहतात. घर काय नि खातं काय. तर त्याने विचारलं. जिन्याच्या तोंडाशी उभी होती, कठड्याला धरून. खांद्यावर घातला, तर म्हणाली, मी सही पण केली आहे जामीन म्हणून. मग पाठीत घातला. खाली बसली. बसलीस तरी सोडत नाही म्हटलं. ओरडत नव्हती, तेच डोक्यात गेलं माझ्या. पहिल्यापासून अशीच, ओरडत नाही. माणसाने मारावं तरी किती, समोरचं माणूस हूं की चूं करत नाही. हिची बोटं कठड्यावर होती, ती सोडेना, म्हणून बोटांवर. दोन अजून वाकडी आहेत, कॉफी देताना बघ.

आणि मागून लाथ बसली. कमरेत, बरोब्बर इथे, आत्ता तुझा पाय होता तिथे. डाव्या पायाची. एवढी बारकी पोर, आली कुठून ती ताकद? खाली नळाशी पडलो तेव्हा आधी वाटलं, पाय नाहीतच. वर बघितलं तर उभी, अनवाणी. म्हणाली, बाबा, आता उठू नका. अहो-जाहो करत होती, बघ. मग पिशवी घेऊन खाली आली. मी वाटेतच आडवा. मला ओलांडून गेली. बापाला. आणि ओलांडताना पायाचा अंगठा लागला माझ्या खांद्याला, तर वाकली आणि नमस्कार केला. लाथ मारली त्याचा नाही, अंगठा लागला त्याचा. हात कपाळाला लावला आणि गेली. परत आली नाही. बराकपूर किती लांब आहे, सियालदाहून तास नाही लागत. ही तिला जाऊन भेटते की नाही, मला माहीत नाही. विचारलंय. विचारायला आता पूर्वीसारखा हात वर जात नाही, खांद्याच्या वर गेला की कमरेतून कळ येते आणि डोळ्यांपुढे अंधारी. सहा वर्षं हिला बोट लावता आलेलं नाही मला. वजन वाढलंय बघ बाईचं. परवा ओट्याशी चक्क गुणगुणत होती.

पण आता सांगितलं, सगळं खरं. आजीच्या तोंडचा नेम आहे, फिरायचा नाही. मला आतून वाटतंय, ही तिसरी लागणार. एकदा का पाठ सरळ झाली की उद्या पहिल्या लोकलने बराकपूर. शाळेच्या दारातून झिंज्या धरून आणतो कार्टीला, सगळ्या पोरांदेखत. आणि हिच्याशी तर सहा वर्षांचं बोलायचं राहिलंय, निवांत बसून बोलेन. धोटा पुसून ठेवलाय मी. दर रविवारी तेल लावतो, काय सांगू, लाकूड असं मऊ राहिलंय. मार, देवयानी. मनात किंतु नको. अंगातला सगळा जोर लाव. मी श्वास रोखून धरलाय.

मार की. पाय भरून आला का? चालेल, दम घे.

ही चप्पल कुणाची वाजली? देवयानी? अगं, तिसरी राहिली. असं अर्ध्यावर सोडून जात नाहीत, तीन म्हणजे तीन. थांब, बोल हवं तर, बोललीस तरी चालेल, आजी कुठे बघतेय. जिन्यात आहेस का? कालिंदी, बघ गं, पोर गेली का? कॉफी पण न घेता. कसली ही बदलीवाली माणसं, रीत ना भात. दार कुणी लावलं? कडी कशाला घातलीस, दिवसाढवळ्या?

ये, हात दे. उठव मला.

कुठे थांबलीस? शोकेसपाशी काय करतेस? कालिंदी, काच सरकवल्यासारखी वाजली. नंतर पुसशील ती, आधी हात दे. चटई टोचतेय. अगं, दूध उतू गेल्याचा वास येतोय, गॅस बंद केलास का? जा, गॅस बघ आधी. जा म्हणतो ना. मागे का येतेस, पुढून ये, मला दिसत नाही मागचं. जोडवी का काढलीस?

कालिंदी, तू पायाळू नाहीस गं—