ठकीचं घर उचलायचं नाही

आत्या: एवढं घट्ट धरू नकोस, वहिनी. बरगड्या बघ तिच्या. काडेपेटीतल्या काड्या जाड असतील.

आई: पण ठकी खाते हो, वन्स. शपथेवर सांगते. रात्री वाटी भरून ठेवते, सकाळी चाटूनपुसून स्वच्छ. बिया, बदाम, गाजर... एक कण उरत नाही.

आत्या: मग हाताला नुसती हाडं का लागतायत? हॅमस्टर म्हणजे मुठीत लोण्याचा गोळा असायला हवा. ही केसाळ पिशवी झालीय.

आई: म्हणून तर तुम्हाला बोलावलं, तुम्हाला जनावरांचं कळतं. चौकातले जनावरांचे डॉक्टर म्हणाले, उंदराचीच जात, दुसरं आणा.

आत्या: त्याला म्हणावं, तूच दुसरा ये. दादाला माहीत आहे मी आलेय ते?

आई: ते कामावर गेलेत.

आत्या: म्हणजे नाही. बरं. हे पाणी गुलाबी कसं?

आई: व्हिटॅमिनचे थेंब घालते. दुकानदाराने दिले. बाटलीवर चित्र आहे बघा, किती गुबगुबीत आहे! ही वाळायला लागली तसे मी वाढवत गेले.

आत्या: चित्र काढायला काय जातंय? घे, जिभेवर टेकव.

आई: शी! कडूजहर आहे.

आत्या: हिने पाणीच सोडलंय. कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते, दिसतंय? ओत ते आणि साधं पाणी भर. ज्याचं खाणं धड आहे त्याला हे थेंब लागत नाहीत, आणि ज्याचं धड नाही त्याला पुरत नाहीत.

आई: पण क जीवनसत्त्व तरी?

आत्या: ते हॅमस्टरच्या अंगातच तयार होतं. बाहेरून लागतं ते तुला आणि मला.

आई: ढब्बूलाही डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. ते आणि लोहाच्या गोळ्या.

आत्या: हो. ऐकलं मी नंतर.

आई: शेवटपर्यंत हे लेकीला ढब्बूच म्हणायचे, वन्स. मनगटाला माझी बांगडी राहत नव्हती, तरी ढब्बू.

आत्या: मीही म्हणायचे. बारशापासून. आता खिडकीशी ये, उजेडात. मान धर, अशी. तोंड उघडते... हं. बघ.

आई: अगं बाई! हे दात?

आत्या: यांचे दात जन्मभर वाढतात. कुरतडायला लाकूडबिकूड असलं की झिजतात. हिचे वाकडे वाढून टाळूत रुतलेत. चावणार कशाने? उपाशी आहे ही.

आई: वाटी रिकामी होते म्हणतेय ना मी!

आत्या: वाटी रिकामी झाली म्हणून पोट भरलं असं नसतं. हे जनावर खाणं गालात कोंबतं आणि नेऊन लपवतं. चावता येवो न येवो, लपवायचं काही सोडत नाही. तू वाटी बघत बसलीस. वजन केलंस कधी?

आई: नाही.

आत्या: उचल ते लाकडी घर. सगळा साठा त्याखाली असणार.

आई: नाही.

आत्या: नाही म्हणजे?

आई: घर उचलायचं नाही. बाहेरचा भुसा मी चमच्याने काढते, मुताचा कोपरा रोज पुसते. पण घर ढब्बूने ठेवलंय. आतला कागदही तिनेच फाडला, पट्ट्या पट्ट्या करून, त्या पलंगावर बसून. तेव्हापासून मी हात लावलेला नाही.

आत्या: वर्ष होत आलं, वहिनी.

आई: होऊ दे. या खोलीतलं काहीच मी हलवलेलं नाही. रात्री भिंतीला कान लावून पडते. चाक फिरतं. मग कुरकुर, कुरकुर. मी स्वतःशी म्हणते, खातंय. माझं लेकरू खातंय. तेव्हा कुठे डोळा लागतो.

आत्या: चाक? या पायांनी? ही उभी राहताना कलंडतेय.

आई: मग काल कोण फिरवत होतं?

आत्या: ...मला नाही माहीत. मला एवढंच माहीत आहे की त्या घराखाली वर्षभराचा नासका ढीग आहे, ही त्यावर झोपते आणि तोच वास छातीत घेते. दात मी आत्ता कापीन. पण ढीग राहिला तर बागेत खड्डा खणून ठेव.

आई: तुमचं तोंड हे असं! तेव्हाही असंच होतं.

आत्या: तेव्हा तोंड उघडलं म्हणून दादाने मला दाराबाहेर काढलं. पोरीच्या दंडावर बारीक लव आली होती, उपाशी अंगाला येते तशी, भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसली होती. मी म्हटलं, हिला आजच्या आज दवाखान्यात ने. तर म्हणाला, माझी मुलगी म्हणजे तुझ्याकडचं जनावर नाही. जनावर असती तर कुणी काट्यावर तरी घातलं असतं!

आई: हळू बोला.

आत्या: कोण ऐकतंय? तू दारात उभी होतीस, वहिनी. तू काय म्हणालीस तेव्हा?

आई: नका.

आत्या: मी वर्षभर वाट बघतेय विचारायची. काय म्हणालीस?

आई: म्हणाले... ताट रोज रिकामं येतं.

आत्या: हं.

आई: खरंच येत होतं हो! ती म्हणायची, मी खोलीत जेवते, अभ्यास आहे. मी ताट घासायला घ्यायचे तर शीतसुद्धा नाही. आणि दवाखान्यात ते म्हणतात, पोटात काही नव्हतं, म्हणून हृदय बंद पडलं. भरल्या घरात! कुठे गेलं मग ते सगळं? मी किती जणांना विचारलं.

आत्या: चूक झाली माझी. असं नव्हतं विचारायचं. ठेव तिला खाली. मी दात बघते आणि जाते. घर राहू दे.

आई: जगेल का घर राहिलं तर?

आत्या: नाही.

आई: उचला.

(आत्या घर उचलते. दोघी पिंजऱ्यावर वाकतात.)

आत्या: नाकाला पदर लाव. बघितलंस? वरचं सगळं तुझं. बदाम, बिया, गाजराचं काळं पाणी. केवढी बुरशी आलीय.

आई: हे खालचं काय? घट्ट झालंय.

आत्या: भात दिसतोय. वाळलेला.

आई: भात मी ठकीला कधी घातला नाही.

आत्या: ...ब्रेडच्या कडा आहेत.

आई: बटाटा आहे. बघू. वन्स, हे लाल काय?

आत्या: असेल एखादी बी. जुनी. तू सरक, मी भरते पिशवीत.

आई: मला लहान मूल समजू नका. ही गोळी आहे. ही बघा, आणखी. लोहाची. माझ्यासमोर घ्यायची ती. मी म्हणायचे, आ कर, जीभ काढ. ती जीभ काढायची, अशी लांब, आणि हसायची.

आत्या: गालात धरली असेल.

आई: मी जीभ बघत होते, वन्स.

आत्या: कुणीही जीभच बघितली असती.

आई: तुम्ही गाल बघितला असता. आणि तेव्हा ही ठकी केवढी टम्म होती! मी कौतुक करायचे. म्हणायचे, ढब्बू, तुझा हात लागला की खाते बघ. तीही हो म्हणायची.

आत्या: वहिनी, बस जरा. पाणी आणू?

आई: नको. कागदही टाकायचा?

आत्या: ओला आहे. टाकावाच लागेल.

आई: तुम्ही नका. द्या ती पिशवी. मी टाकते.

आत्या: सावकाश.

आई: काही नाही राहिलं हो याच्यात तिचं. नुसता वास. झालं. तुम्ही दात कापा.

आत्या: टॉवेलात गुंडाळ. फक्त डोकं बाहेर. हलवू नकोस... एक... झालं. दुसरा... झालं. शहाणी बाय ती.

आई: आता काय घालू? सगळं सांगा. मी चुकणार नाही.

आत्या: ते रंगीत मिश्रण बंद. त्यातलं ती सूर्यफूल तेवढं वेचते, बाकीचं लाथाडते. प्रत्येक दाण्यात सगळं असतं ते साधं दाणा-खाद्य आण, निवडानिवडीला वावच नको. सध्या ते पाण्यात भिजवून लगदा कर. सोबत उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, चिमूटभर. काकडी नखाएवढी, आणि उरली तर संध्याकाळी उचल. रोज काट्यावर ठेव. वाटीकडे बघूच नकोस.

आई: वाचेल?

आत्या: खोटं बोलू? म्हातारी झालीय. ही जात दोन-तीन वर्षं जगते. पण जाईल ती पोटभर जेवून जाईल.

आई: तेवढं पुरे. तेवढंच हवंय मला.

आत्या: थोडे दाणे मी भिजवूनच आणलेत, हे घे. बोटावर घे. नाकापाशी धर. ढकलू नकोस.

आई: नाही घेत.

आत्या: थांब.

आई: वन्स... चाटतेय. खरखरीत जीभ लागतेय.

आत्या: बशीत ठेव आणि मागे हो. दादा येईपर्यंत मी बाहेर बसते. त्याच्याशी मी बोलेन.

आई: मी इथे बसले तर चालेल ना? खा म्हणणार नाही. नुसती बसेन.