तात्यारावांचा सत्कार

—नाही गं, पाण्याची काही तक्रार नाही, नर्मदेचं पाणी येतं, वर टाकी आहे. आणि तात्यारावांनी तुला पाठवलं म्हटल्यावर मी आणखी काय विचारणार? त्यांच्या लेकीचा, धम्मदीनाचा फोन आला होता महूहून—माझ्या शाळेतली मुलगी आहे, शिवांगी, तिला तिकडे अन्नपूर्णा रोडच्या शाळेत नोकरी लागलीय, बाबा म्हणतात वहिनींच्याच खालच्या खोल्या बघ. बस, ह्या दोन खोल्या, हे किचन, मागे कपडे वाळवायला जागा. नऊ वर्षं राहिले इथे तात्याराव आणि प्रभावतीताई. काय म्हणाले ते माझ्याबद्दल? सांग ना. काहीतरी म्हणाले असतील... चांगल्या आहेत? शैलजावहिनींसारखं माणूस मिळणार नाही? असं म्हणाले? बस जरा, बेटा. त्या स्टुलावर बस. मीही बसते इथे ओट्याला टेकून.

खोल्या का सोडल्या, ते सांगितलं त्यांनी? नाही ना. ते नाही सांगणार. तो माणूसच तसा—वडील फौजेत, स्वतः तीस वर्षं मिलिटरीच्या वर्कशॉपमध्ये, दूध आणायला निघाले तरी शर्टाला इस्त्री. माझे हे गेले तेव्हा सुजय, माझा मुलगा, पुण्याला होता, तो येईपर्यंत सगळं तात्यारावांनी केलं. सगळं. तुला दुसऱ्या कोणाकडून कळेल, मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत आहे—मतलब, अर्धंच माहीत आहे—त्यापेक्षा मीच सांगते.

सुजय आता इथेच विजय नगरला असतो, आयटीत, फ्लॅट घेतला तिकडे. जाताना मला मोठा फोन देऊन गेला, आई, टाइमपास होईल. झाला ना. आपल्या इंदौरचं एक न्यूज पेज आहे, नाव नाही घेत, सकाळी चहाबरोबर मी तेच लावायची. कोणी रस्त्यावर थुंकला, कोणी प्लास्टिकची पन्नी फेकली, की लगेच व्हिडिओ—तोंडाभोवती लाल गोल, मागे ते ढॅण-ढॅण म्युझिक, आणि खाली हजार लोक शिव्या घालून राहिले. मीपण घालायची. खोटं कशाला सांगू, मजा यायची! जन्मभर ऑफिसात क्लर्की केली, माझं मत कोणी विचारलं नाही, आणि इथे एक ओळ टाकली की साठ लाइक. चांगलं पण झालं, नाही कोण म्हणतं? शहर चकाचक आहे, मी स्वतः गोळीचा कागद पर्समध्ये घालून घरी आणते. पण हळूहळू काय झालं—मला माणूस दिसेनासा झाला. भाजीवाला आला की मी भाजी नाही बघायची, आधी त्याच्या ठेल्याखाली बघायची. काही पडलंय का. कोणी सापडतंय का.

मग मागच्या वर्षी, जानेवारीत. सकाळची वेळ, जेमतेम उजाडलेलं. तात्याराव काळी पिशवी घेऊन मागच्या रिकाम्या प्लॉटकडे गेले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि दिली टाकून भिंतीपलीकडे. कोणीतरी वरून व्हिडिओ काढला. चाळीस सेकंदांचा. कोणीतरी म्हणजे—

मी काढला. वरच्या गॅलरीतून. बघ, निघूनच गेलं तोंडातून. आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं, सुजयलासुद्धा नाही.

त्या पेजला पाठवला. मला वाटलं, जास्तीत जास्त काय होईल, एखादा येऊन टोकेल त्यांना. दुपारपर्यंत लागला. त्यांच्या टकलाभोवती लाल गोल, वर मोठ्या अक्षरांत ‘ये हैं शहर के दुश्मन’. संध्याकाळी कोणीतरी खाली नाव लिहिलं. आडनावासकट. आणि मग कमेंटच बदलल्या गं. कचरा राहिला बाजूला. ‘इन लोगों को कितना भी सुधारो’—असं सुरू होणारं सगळं. त्यांची जात, त्यांचा धर्म, त्यांच्या पोरांच्या नोकऱ्या. मी वाचत होती. एका कमेंटला तर मी लाइकपण... माझा अंगठा सवयीनं जायचा, बेटा. नाही, सवयीनं नाही. वाचली होती मी ती कमेंट. पूर्ण वाचली होती.

तिसऱ्या दिवशी ते आले. तीस-चाळीस जण, ढोलवाले, पेजचा तो माइकवाला, झेंडूचा हा एवढा हार. म्हणे सत्कार करणार! तात्यारावांनी दार उघडलं, इस्त्रीचा शर्ट, आणि काही कळायच्या आत हार गळ्यात. ‘बोलिए अंकलजी, कैसा लग रहा है?’ आणि तेवढ्यात प्रभावतीताई बाहेर आल्या. त्यांना दोन वर्षांपासून काही आठवायचं नाही. धम्मदीनाला ताई म्हणायच्या, मला तर कधी ओळखायच्या, कधी नाही. त्यांना वाटलं वरात आली. गाऊनवर, एका पायात चप्पल, आणि गाऊन मागून सगळा ओला—आणि त्या हसून एकेकाला नमस्कार करून राहिल्या. माइकवाल्याचा हात धरून म्हणतात, “जेवल्याशिवाय जायचं नाही हं.” लोक हसले. सगळ्यांचे फोन वर. तात्यारावांनी दोरीवरची चादर ओढली, ताईंना गुंडाळली आणि आत नेलं. हार तसाच गळ्यात. तो व्हिडिओ बारा लाख लोकांनी बघितला. मी कुठे होती? वर. पडद्यामागे.

पिशवीत काय होतं म्हणतेस? डायपर. ताईंचे. कचरा गाडीला त्याचा वेगळा डबा असतो, पण गाडी येते तेव्हा अख्ख्या गल्लीतल्या बायका तिथे उभ्या. ताई शाळेत हेडमास्तरीण होत्या गं. त्यांचं हे कोणाला कळू नये, एवढंच होतं त्या माणसाच्या मनात.

मला केव्हा कळलं? नंतर... नंतर कळलं.

नाही. आधीच. पंधरा दिवस आधी अश्विनच्या मेडिकलवर भेटले होते, पुडकं पेपरात गुंडाळून घेत होते. मला बघून म्हणतात, “भाच्याचं बाळ आलंय, वहिनी.” एवढं मोठं पुडकं बाळाचं असतं? मी हो म्हटलं. गॅलरीत फोन धरला तेव्हा मला माहीत होतं पिशवीत काय आहे ते. माहीत होतं आणि मी झूम केलं. का, ते विचारू नको. मी रोज विचारते.

सत्काराच्या त्याच संध्याकाळी तात्याराव वर आले माझ्याकडे. दारातच उभे. “वहिनी, सुजयला सांगून तो व्हिडिओ काढून टाकता येईल का? माझा असू द्या. हिचा तेवढा.” मी म्हटलं, बघते, भाऊ. पेजवाल्यांना फोन केला मी, खरंच केला. तिकडून तो हसतो, “आंटी, शुरुआत तो आपने ही की थी! और कुछ हो तो भेजना.” सुजयला सांगितलंच नाही. त्यानं विचारलं असतं ना, पहिला कोणी पाठवला.

महिन्याभरात गेले ते महूला, लेकीकडे. पावसाळ्यात ताई वारल्या. मी भेटायला गेली, बसमध्ये पूर्ण वेळ घोकत होती कसं सांगायचं. तात्यारावांनी स्वतः चहा केला. म्हणाले, “इंदौरहून भेटायला आलेल्या तुम्ही एकट्याच, वहिनी.” झालं. चहा पिऊन परत आली. आता दर रविवारी त्यांचा फोन येतो, गुडघे कसे आहेत विचारतात.

ते पेज बघणं बंद केलं का? केलं होतं. चार दिवस. परवा एका म्हाताऱ्या ठेलेवालीचा व्हिडिओ होता. बघितला मी. कमेंट नाही टाकली.

तुझा फोन वाजतोय. कोण, धम्मदीना? बाबा बोलून राहिलेत? खोल्या आवडल्या का विचारतायत... सांग ना त्यांना. माझ्याकडे कशाला देतेस? नको म्हटलं ना, मी काय—

हॅलो. हो, भाऊ. आली ना, समोरच बसलीय. हो, देते ना चहा. गुडघे ठीक आहेत... भाऊ, थांबा. ऐका जरा. तो पहिला व्हिडिओ. मी काढला होता. वरून, गॅलरीतून. पेजला पण मीच... नाही, सुजयनं नाही. मी. शैलजा. आणि मला माहीत होतं पिशवीत—भाऊ? हॅलो?

घे तुझा फोन. नाही, कटला नाही, चालू आहे. ते आहेत तिकडे, श्वास येतोय ऐकायला. तू जा, बेटा. तो कानाशी धर, त्यांना एकटं नको सोडू, आणि बाहेर जा. दार लोटून घे.